गळ घट्ट धरणारे दोन जबडे : फ्लाय बांधण्याचा व्हाइस घरी कसा घडवावा

मासेमारीची फ्लाय म्हणजे गळाच्या दांडीवर दोरा, पिसे, लोकर आणि केस बांधून तयार केलेला खोटा किडा किंवा खोटी लहान मासळी. ती बांधताना दोन्ही हात दोरा आणि पिसे सांभाळण्यात गुंतलेले असतात, म्हणून गळ धरून ठेवण्याचे काम एका लहान व्हाइसकडे सोपवावे लागते. हा व्हाइस वर्कशॉपमधल्या बेंच व्हाइससारखा दांडगा नसतो. त्याच्या जबड्यांची टोके पेन्सिलीच्या टोकासारखी निमुळती असतात आणि त्या टोकांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक तारेचा गळही न घसरता राहावा लागतो. संपूर्ण उपकरणात अवघड भाग एवढाच आहे. जबड्यांची पुढची सहा मिलिमीटर लांबी बिनचूक झाली तर उरलेला व्हाइस साध्या लोखंडाचा असला तरी उत्तम चालतो, आणि ती बिघडली तर बाकीच्या भागांवर केलेली चकचकीत कारागिरी वाया जाते. म्हणून या लेखात जबड्यांना सर्वाधिक जागा दिली आहे.

बेळगाव परिसरात राहणाऱ्या माणसाला हे काम हाती घेणे तुलनेने सोपे आहे. उद्यमबाग आणि मच्छे येथील मशिन शॉप, फाउंड्री आणि हायड्रॉलिक सुटे भाग बनवणारे कारखाने यांमुळे टूल स्टीलचा हातभर तुकडा, गनमेटलचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी), योग्य मापाची ओ-रिंग (रबरी कडे) किंवा बिडाचा जड ठोकळा मिळवण्यासाठी फार फिरावे लागत नाही. निपाणी, चिकोडी, खानापूर किंवा अथणीकडच्या वाचकांनाही गावातला लेथवाला आणि वेल्डर एवढे दोघे पुरेसे आहेत. एक सूचना मात्र आवर्जून करतो : वर्कशॉपमध्ये जाताना तोंडी माप सांगू नये. आपल्या भागात लेथवरचे मामा मराठी बोलतील की कन्नड हे आधी ठाऊक नसते आणि तसे ठाऊक असण्याची गरजही नसते, कारण मिलिमीटरमध्ये मापे लिहिलेला, दोन बाजूंनी काढलेला स्वच्छ नकाशा दोघांनाही सारखाच वाचता येतो.

रचना समजून घ्यावी

आपण जो व्हाइस करणार आहोत त्याची पकड टूलरूममधल्या पॅरलल क्लॅम्पच्या तत्त्वावर चालते. दोन सारख्या पट्ट्या समोरासमोर ठेवल्या आहेत अशी कल्पना करावी. मधल्या बोल्टमुळे त्या एकमेकींपासून ठराविक अंतरापलीकडे जाऊ शकत नाहीत. मागच्या टोकाजवळचा स्क्रू फिरवला की पट्ट्यांची शेपटे एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि मधला बोल्ट टेकू बनून पुढची टोके जवळ येतात. मधला बोल्ट टोकापासून २२ मिमीवर आणि मागचा स्क्रू टोकापासून ५५ मिमीवर ठेवला, तर स्क्रूपासून टेकूपर्यंतचे अंतर ३३ मिमी होते. ३३ भागिले २२ म्हणजे दीड, त्यामुळे स्क्रूने दिलेला दाब टोकाशी दीडपट होऊन पोहोचतो. एम-५, म्हणजे ५ मिमी व्यासाचा स्क्रू एका फेऱ्यात ०.८ मिमी पुढे सरकतो. पूर्ण एका फेऱ्यात टोके सुमारे अर्धा मिलिमीटर जवळ येतात आणि पाव फेऱ्यात सव्वा दशांश मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चिमटीतल्या स्क्रूवरही अतिशय बारीक नियंत्रण राहते.

ड्रिल मशिनचा चक किंवा पिन व्हाइस वापरून झटपट व्हाइस करण्याचे बरेच प्रकार आहेत. माझ्या मते ते शिकण्यापुरते ठीक आहेत. चकचे तीन जबडे गोल दांड्यासाठी केलेले असतात, गळाचा वाकलेला चपटा बाक त्यांच्यात तिरका बसतो आणि दोरा जोरात ओढताच फिरतो.

जबड्यांसाठी पोलाद

माझा पहिला व्हाइस साध्या माइल्ड स्टीलच्या पट्टीचा होता. काही डझन गळ बांधून होईपर्यंत त्याच्या टोकांवर आतल्या बाजूने चर पडले, कारण गळाची तार जबड्यापेक्षा कठीण होती. त्यानंतर एकही बारीक गळ त्यात टिकला नाही. म्हणून जबड्यांसाठी कडक करता येणारे टूल स्टीलच घ्यावे. आपल्याकडे सर्व टूलरूममध्ये ओएचएनएस नावाने ओळखले जाणारे, तेलात विझवून कडक होणारे पोलाद या कामाला सर्वात योग्य आहे, कारण कडक करताना ते फारसे वाकत किंवा आक्रसत नाही. १२ मिमी रुंद, ६ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब असे दोन तुकडे लागतात. डाय बनवणाऱ्यांकडे एवढे तुकडे उरलेले असतात. ते नरम स्थितीत आहेत याची खात्री करावी : नवी कानस त्यावर सहज चावली पाहिजे. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे पोलादही तेलात कडक होते, पण त्यात जुन्या बारीक भेगा असू शकतात आणि ते आधी तापवून नरम करावे लागते, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.

आखणी, छिद्रे आणि आटे

प्रथम दोन्ही तुकड्यांची एक-एक रुंद बाजू आरशासारखी सपाट करावी. जाड काचेवर १८० नंबरचा एमरी पेपर पसरून त्यावर थोडे तेल टाकावे आणि तुकडा इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत घासावा. मार्किंग ब्ल्यूचा पातळ थर लावून दोन्ही बाजू एकमेकींवर घासल्या की उंचवटे दिसतात. निळा रंग सर्वत्र सारखा उडाला की २२० आणि ४०० नंबरच्या पेपरवर शेवटचा हात मारावा. या दोन बाजू आता आतल्या बाजू झाल्या. त्यांच्यावर कायम मार्करने खूण करून ठेवावी, कारण पुढच्या गडबडीत बाजू उलटसुलट होण्याची चूक फार सहज घडते.

उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या व्हाइसमध्ये जबड्यांची टोके उजवीकडे असतात. बसणाऱ्याच्या अंगाकडचा जबडा तो जवळचा आणि दुसरा तो पलीकडचा, अशी नावे शेवटपर्यंत पाळावीत. दोन्ही तुकडे आतल्या बाजू भिडवून बेंच व्हाइसमध्ये आवळावेत आणि छिद्रे एकत्रच पाडावीत, म्हणजे ती आपोआप समोरासमोर येतात. टोकापासून २२ मिमीवर ४.२ मिमीचे छिद्र दोन्ही जबड्यांतून आरपार पाडावे. ४१ मिमीवर ३ मिमीचे छिद्रही आरपार पाडावे. ५५ मिमीवर ४.२ मिमीचे छिद्र मात्र जवळच्या जबड्यातून पाडून ड्रिलचे टोक पलीकडच्या जबड्यात दीड मिलिमीटरच उतरवावे, कारण तिथे आपल्याला स्क्रूचे टोक बसण्यापुरती खळगी हवी आहे.

आता तुकडे वेगळे करून जवळच्या जबड्यातले २२ मिमीवरचे छिद्र ५.८ मिमीपर्यंत मोठे करावे आणि ५५ मिमीवरच्या छिद्रात एम-५ चा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) चालवावा. पलीकडच्या जबड्यात २२ मिमीवर एम-५ चे आटे पाडावेत. त्याच जबड्याच्या बाहेरच्या बाजूने, टोकापासून ३५ आणि ४७ मिमीवर, ३.३ मिमीची छिद्रे पाडून एम-४ चे आटे घ्यावेत. याच दोन जागी पुढे ब्रॅकेट, म्हणजे जबडा धरणारा अँगलचा तुकडा, बसणार आहे. ४१ मिमीच्या छिद्रात ३ मिमीची डॉवेल पिन (सरळ गोल खिळी) पलीकडच्या जबड्यात ठोकून घट्ट बसवायची असते, पण ती हार्डनिंगनंतर, म्हणजे जबडे तापवून कडक केल्यावर. जवळच्या जबड्यातले त्या पिनेचे छिद्र बारीक गोल कानशीने लांबीच्या दिशेने किंचित लांबट करावे. त्यामुळे जबडा थोडा कलू शकतो आणि तरीही दोन्ही टोके वरखाली सरकत नाहीत. ही पिन टाळावी असा मोह होतो, कारण ती नसतानाही व्हाइस चालताना दिसतो. परंतु मधल्या बोल्टच्या छिद्रातली सैल जागा एवढी असते की थोड्याच दिवसांत एक टोक दुसऱ्यापेक्षा वर जाऊ लागते.

दोन्ही जबड्यांच्या मागच्या टोकाजवळ, ६१ मिमीवर, तिन्ही बाहेरच्या बाजूंनी गोल कानशीने उथळ खाच काढावी. या खाचेत १४ मिमी आतल्या व्यासाची आणि २ मिमी जाडीची ओ-रिंग ताणून बसवली की ती शेपटे सतत एकत्र ओढते, म्हणून स्क्रू सैल करताच पुढची टोके स्वतः उघडतात. कारखान्यांतल्या महागड्या व्हाइसमध्ये या कामासाठी स्प्रिंग असते. आपल्या हायड्रॉलिकच्या गावात ओ-रिंग काय, वर्षाला एक बदलली तरी चालते, शिवाय ती गंजत नाही.

टोकांचा आकार

आता खरे कानसकाम सुरू होते आणि इथे घाई करू नये. मधल्या बोल्टच्या पुढची सुमारे १७ मिमी लांबी निमुळती करायची आहे. वरून पाहिले असता प्रत्येक जबड्याची बाहेरची बाजू तिरपी होत टोकाशी जाडी सव्वा मिलिमीटर उरावी, म्हणजे दोन्ही मिळून अडीच मिलिमीटर होतील. बाजूने पाहिले असता वरची कड तिरपी उतरवून टोकाची उंची सुमारे साडेतीन मिलिमीटर ठेवावी. वरच्या बाजूने जितके जास्त पोलाद काढू तितकी बोटांना जागा मिळते, पण टोक कागदासारखे पातळ केले तर मोठ्या गळावर ते तुटते. महाशीरसाठीचे जाड तारेचे गळ बांधणाऱ्याने टोकाची जाडी दीड मिलिमीटर ठेवावी.

आतल्या बाजूला सर्वात महत्त्वाचे काम आहे. टोकाकडची ६ मिमी लांबी जशी सपाट आहे तशीच ठेवून तिथून मधल्या बोल्टपर्यंतचा भाग प्रत्येक जबड्यात सुमारे दोन दशांश मिलिमीटर खोल करावा. यामुळे जबडे मिटताना फक्त टोकाचा भाग भिडतो. ही सूट न दिल्यास बोल्टजवळचा उंच भाग आधी टेकतो आणि टोकांमध्ये केसाएवढी फट राहते, आणि गळ का घसरतो हे शोधण्यात अनेक संध्याकाळी जातात. उरलेल्या ६ मिमीपैकी पुढचे ३ मिमी बारीक गळांसाठी पूर्ण सपाट ठेवावेत. त्यामागे, टोकापासून साधारण साडेचार मिलिमीटरवर, दोन्ही जबड्यांत समोरासमोर येईल अशी तीन दशांश मिलिमीटर खोल आडवी खाच त्रिकोणी सुईकानशीने काढावी. एक मिलिमीटरपेक्षा जाड तारेचे गळ या खाचेत बसतात आणि त्यांचा सगळा जोर नाजूक टोकावर येत नाही.

टोकाच्या सर्व बाहेरच्या कडा बारीक एमरीने गोल कराव्यात. धारदार कड उरली तर ती दोरा कापते. आपल्याकडे वडगाव, खासबाग आणि शहापूरच्या मागांवरचा रेशमी धागा फ्लायसाठी वापरून पाहण्याजोगा आहे, आणि रेशीम तर अशा कडेवर लगेच उसवते.

हार्डनिंग आणि टेम्परिंग

सगळी छिद्रे, आटे आणि कानसकाम पूर्ण झाल्याशिवाय जबडे तापवू नयेत, कारण नंतर कानस त्यावरून नुसती घसरते. सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या हीट ट्रीटमेंट करणाऱ्याकडे ओएचएनएसच्या इतर कामाबरोबर हे दोन तुकडे देणे आणि ५५ ते ५८ एचआरसी (रॉकवेल सी हे कठिणतेचे माप) एवढी कठिणता लेखी मागणे. तुकडे एवढे लहान आहेत की ते तारेने एकत्र बांधून, चिठ्ठी लावून द्यावेत, नाहीतर मोठ्या लॉटमध्ये हरवतात.

घरी करायचे असल्यास काम उघड्या जागेत, सुती कपडे, बूट आणि चेहऱ्यावर जाळी किंवा शिल्ड घालून करावे. कोळशाच्या भट्टीत किंवा गॅस टॉर्चवर जबड्याची पुढची ३० मिमी लांबी सावकाश तापवावी. पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटणे सोडते. चुंबक चिकटेनासे झाल्यावर रंग आणखी किंचित उजळेपर्यंत, म्हणजे ८०० अंशांच्या आसपास, पाचएक मिनिटे उष्णता स्थिर ठेवावी. हा रंग भर उन्हात कळत नाही, म्हणून संध्याकाळची किंवा सावलीची वेळ निवडावी. नंतर जबडा लोखंडी डब्यातल्या कोमट तेलात उभा बुडवून वरखाली हलवावा. तेल एक लिटर तरी असावे, त्यात पाण्याचा थेंब नसावा आणि डब्याचे झाकण हाताशी असावे, कारण तेल पेटले तर झाकण टाकून विझवायचे असते, पाणी ओतायचे नसते. तेलातून काढलेल्या टोकावर जुनी कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर हार्डनिंग झाले.

या अवस्थेत जबडा काचेइतका ठिसूळ असतो. तो हातातून पडू न देता त्याच दिवशी टेम्पर करावा, म्हणजे कमी उष्णतेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करावा. स्वयंपाकघरातला ओटीजी २५० अंशांवर लावून, तेल पूर्ण पुसलेले जबडे त्यात एक तास ठेवावेत, हवेत थंड होऊ द्यावेत आणि पुन्हा एक तास ठेवावेत. आधी घासून चकचकीत केलेल्या भागावर गडद पिवळसर तपकिरी रंग आला की टेम्परिंग योग्य झाले. टॉर्चने थेट टेम्पर करू पाहणाऱ्यांचे पातळ टोक क्षणात निळे होते आणि कठिणता निघून जाते, म्हणून टॉर्चचा उपयोग मी इथे करत नाही. शेवटी आतल्या बाजू काचेवरच्या ६०० नंबरच्या पेपरवर हलक्या हाताने पुन्हा जुळवून घ्याव्यात आणि पिन ठोकावी.

जोडणी करताना एम-५ चा गोल डोक्याचा अॅलन बोल्ट वॉशरसह जवळच्या जबड्यातून घालून पलीकडच्या जबड्याच्या आट्यांत फिरवावा आणि बाहेर आलेल्या टोकावर पातळ नट लावून ठेवावा. गळाची जाडी बदलली की या बोल्टने अंतर बदलायचे आणि नट पुन्हा आवळायचा. मागच्या स्क्रूचे टोक गोल करून ते खळगीत बसवावे आणि त्याचे डोके नर्लिंग केलेले (बोटे घसरू नयेत म्हणून खरखरीत केलेले), निदान १५ मिमी व्यासाचे असावे.

फिरणारा दांडा

जबडे गळाच्या दांडीभोवती फिरवता आले तर पिसे सारखी गुंडाळता येतात आणि फ्लायची खालची बाजू मान वाकडी न करता पाहता येते. त्यासाठी गळाची दांडी बरोबर फिरण्याच्या अक्षावर यावी लागते. गळ जबड्यात बाकाच्या खालच्या भागाने धरला जातो, म्हणून जबड्याचे टोक अक्षापेक्षा गळाच्या रुंदीइतके खाली असावे लागते, आणि ही रुंदी गळागणिक बदलत असल्याने जबडे वरखाली सरकवण्याची सोय हवी.

दांड्यासाठी १० मिमीचा ब्राइट बार ९५ मिमी लांब घ्यावा. त्याच्यासाठी ३० मिमी जाड, ५० मिमी लांब आणि ५० मिमी उंच असा माइल्ड स्टीलचा ठोकळा लागतो. तळापासून ३५ मिमी उंचीवर १६ मिमीचे आडवे छिद्र पाडून त्यात १० मिमी आतल्या व्यासाचा ५० मिमी लांब गनमेटल बुश दाबून बसवावा आणि नंतर १० मिमीचा रीमर (छिद्र नेमक्या मापाला आणणारे हत्यार) फिरवावा, कारण दाबताना बुश किंचित आवळतो. बॉल बेअरिंग इथे घालू नये असे मला वाटते. बेअरिंग फार मोकळे फिरते आणि जबड्यांचे वजन खालच्या बाजूला असल्याने हात सोडताच ते झुलून खाली येतात. बुशचे सौम्य घर्षण त्यांना जागच्या जागी ठेवते. ठोकळ्याच्या वरून एम-५ चा नायलॉन टोकाचा स्क्रू दांड्यावर टेकवला की हे घर्षण हवे तेवढे वाढवता येते.

दांड्याच्या पुढच्या टोकाला ६ मिमी जाड, २० मिमी रुंद, ६० मिमी लांब पट्टी काटकोनात वेल्ड करावी. वेल्ड पुढच्या बाजूने करून लेथवर मागची बाजू सपाट करून घ्यावी, नाहीतर पट्टी बुशवर घासते. अक्षापासून ३० मिमी खाली या पट्टीत ६.५ मिमी रुंद आणि १६ मिमी लांब उभी खाच असावी. त्या खाचेवर ४० × ४० × ५ मिमीच्या अँगलचा ३० मिमी लांब तुकडा एम-६ बोल्टने बसतो. अँगलची एक बाजू पट्टीला चिकटते आणि तिच्यातले बोल्टचे छिद्र आडवे लांबट ठेवावे. दुसरी बाजू पुढे येते आणि तिच्या बाहेरच्या कडेजवळ पलीकडचा जबडा एम-४ च्या दोन १० मिमी लांब स्क्रूंनी, टोक ३० अंश वर करून, बसवावा. स्क्रू जबड्याच्या आतल्या बाजूने बाहेर डोकावता कामा नये. उभी खाच आणि आडवे छिद्र मिळून जबड्याचे टोक दोन्ही दिशांना सरकवता येते.

हे सगळे वाचून गोंधळ होत असेल तर लोखंडाला हात लावण्यापूर्वी जाड पुठ्ठ्यावर बाजूचा नकाशा पूर्ण मापात काढावा, जबडा कापून टाचणीने लावावा आणि फिरवून पाहावा. जबड्याचे शेपूट आणि उभी पट्टी यांच्यात निदान तीन-चार मिलिमीटर मोकळे राहतात का आणि एम-६ बोल्टचे डोके आड येते का, या दोन गोष्टी पुठ्ठा लगेच दाखवतो. मागच्या टोकाला ग्रब स्क्रूचा कॉलर (दांडा पुढे सरकू न देणारे कडे) आणि ५० मिमीचा हँडल बसवला की डोके पूर्ण झाले. हँडलची मूठ मी कातकाम करणाऱ्या सुताराकडून सागवानाची करून घेतली. पावसाळ्यातही ती हाताला गार लागत नाही.

उभा दांडा आणि बैठक

उभ्या दांड्यासाठी १२ मिमीचा ब्राइट बार १८० मिमी लांब पुरतो. ठोकळ्याच्या तळाशी १२ मिमीचे २५ मिमी खोल छिद्र पाडून बाजूने एम-६ स्क्रूने तो आवळावा. बैठक १५० × १५० × १६ मिमीच्या प्लेटची केली तर तिचे वजन सुमारे २.८ किलो भरते आणि दोरा कितीही ओढला तरी व्हाइस सरकत नाही. दांडा मधोमध न बसवता डाव्या कडेकडे बसवावा, म्हणजे जबड्यांचा भार प्लेटच्या मध्यावर येतो. प्लेटमध्ये १०.२ मिमीचे छिद्र पाडून एम-१२ चे आटे घ्यावेत. फाउंड्रीतला बिडाचा ठोकळा मिळाला तर तो अधिक चांगला, फक्त त्याचा तळ मशिनवर सपाट करून घ्यावा. तळाला ३ मिमी रबर शीट चिकटवावे.

अक्ष जुळवणे आणि पकड तपासणे

सरळ दांडीचा मध्यम गळ घ्यावा. त्याचा उलटा काटा जबड्यात धरण्यापूर्वीच पकडीने हलकेच दाबून सपाट करावा. पकडलेला मासा सोडून देणाऱ्यासाठी असा बिनकाट्याचा गळ आवश्यकच आहे, आणि काही गळ हा काटा दाबतानाच तुटतात. ते फ्लाय पूर्ण झाल्यावर तुटण्यापेक्षा आत्ता तुटलेले बरे. गळ बाकाच्या खालच्या भागात धरावा, काट्यावर किंवा टोकावर कधीही धरू नये. मधला बोल्ट असा लावावा की जबडे गळाला भिडतात तेव्हा एकमेकांना जवळजवळ समांतर असतील, मग मागचा स्क्रू पाव-अर्धा फेरा आवळावा.

गळाच्या डोळ्याशेजारी, बैठकीवर चिकणमातीच्या गोळीत एक सुई उभी करावी आणि हँडल फिरवावा. डोळा वर्तुळ काढत असेल तर जबडे उभ्या खाचेत वरखाली आणि आडव्या छिद्रात डावी-उजवीकडे सरकवून ते वर्तुळ लहान करत न्यावे. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा डोल कामाला अडथळा करत नाही.

त्यानंतर गळाच्या डोळ्यावर नख अडकवून तो खाली दाबून सोडावा. पकड योग्य असेल तर गळ लवचिकपणे वाकून टणकन पूर्वजागी येतो. डोळा खाली राहिला तर गळ जबड्यात फिरला. अशा वेळी स्क्रू आणखी आवळण्याआधी टोकांवर मार्किंग ब्ल्यू लावून पाहावे, कारण दहापैकी नऊ वेळा दाब कमी नसतो, टोके पूर्ण भिडलेली नसतात. टोके पुढून भिडून मागून उघडी असतील तर मधला बोल्ट किंचित आवळावा. मागून भिडून पुढून उघडी असतील तर तो सैल करावा. गळ बाकातच मोडत असेल तर जबड्याची आतली कड धारदार राहिली आहे, तिच्यावरून ऑइलस्टोन दोनदा फिरवावा.

वापर आणि निगा

पहिले पंधरा-वीस गळ मोठ्या आकाराचे घ्यावेत. फ्लायच्या गळांचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणून ६ किंवा ८ नंबरपासून सुरुवात करून १४ पर्यंत सावकाश यावे. तलावातल्या चिलापी आणि मरळ माशांसाठी लोकरीचे अंग, कोंबड्याच्या मानेची पिसे आणि मऊ पिसांची शेपटी असलेली वूली बगर ही फ्लाय फिरत्या व्हाइसची परीक्षा घेण्यासाठी फार चांगली आहे, कारण तिच्यात पिसे दांडीभर समान अंतराने गुंडाळावी लागतात. पिसे गुंडाळताना दोऱ्याची बॉबिन टांगण्यासाठी ४ मिमी तारेचा आकडा उभ्या दांड्यावर लावून अक्षाच्या रेषेत आणावा. तयार फ्लाय घेऊन पाण्यावर जाण्यापूर्वी त्या तलावाची किंवा धरणाची परवानगी घ्यावी, आणि खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात गळ टाकू नये.

आपल्याकडे व्हाइसचा खरा शत्रू पावसाळा आहे. कणकुंबी, जांबोटी आणि खानापूरच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर हवा एवढी दमट असते की उघडे पोलाद एका रात्रीत तांबूस होते. काम संपल्यावर स्क्रू सैल करून ठेवावा, म्हणजे ओ-रिंगवर ताण राहत नाही, आणि जबड्यांच्या आतून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब लावलेले कापड ओढावे. दुसऱ्या दिवशी बांधायला बसण्यापूर्वी मात्र तेच टोक कोरड्या कापडाने स्वच्छ पुसावे, कारण तेलकट जबड्यात गळ घसरतो आणि तेलाचा डाग पडलेले पीस पाण्यात मोकळे होत नाही.